महिपतीच्या बोटावरची खूण

आमच्या मंडळाचा चिटणीस दशरथ गेल्या महिन्यात दुकानात आला आणि म्हणाला, "बद्रीशेठ, यंदा स्मरणिकेत आपल्या गल्लीतल्या कर्तबगार माणसांवर लिहून घेतोय. दोन पानं तुमच्याकडे."

मी म्हटलं, "दोन पानांत माझं काय बसणार? चार धर."

"तुमच्यावर नाही हो. तुमच्या भावावर, महिपतीवर. लिहायचं तुम्ही."

मग मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

बावीस वर्षं मी या मंडळाच्या मिरवणुकीत ताशा वाजवला. पहिल्या रांगेत. बाकीचे कानात कापूस कोंबून यायचे, मी कधी कोंबला नाही. कापूस घालून ताशा वाजवणं म्हणजे मोजे घालून नदीत उतरणं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या कानात शिट्टी वाजत असायची आणि मी ती कौतुकानं ऐकत बसायचो. महिपतीनं आयुष्यात ढोलाला हात लावला नाही. तो मंडपाच्या मागं खुर्ची टाकून गणितं सोडवायचा. आता कर्तबगार तो. ठीक आहे. लिहितो. पण माझ्या पद्धतीनं लिहिणार.

महिपती माझा धाकटा भाऊ. बारा वर्षांनी धाकटा. मी नववी नापास झालो आणि वडिलांच्या दुकानात बसलो, तेव्हा तो बोबडं बोलत होता. वडील रामदास, रविवार पेठेत बोहरी आळीच्या तोंडाशी दुकान. सहा फूट रुंद, आत गेलं की पाठ भिंतीला लागते. विळ्या, अडकित्ते, कात्र्या, सुऱ्या आणि घडीचे चाकू. वडील लवकर गेले. त्यानंतर दुकान मी चालवलं, महिपतीला शाळेत मी घातलं, बारावीला क्लास मी लावला, इंजिनिअरिंगला पाठवला मी. त्याच्या पदवीच्या कागदावर त्याचं नाव आहे, पण तो कागद निम्मा माझा आहे असं मी त्याला दर दिवाळीला सांगतो. तो हसतो आणि म्हणतो, "कोणता निम्मा, दादा? वरचा की खालचा?"

आमच्या दुकानात सगळ्यात जास्त जातो तो घडीचा चाकू. लाकडी मूठ, तीन इंच पातं, पस्तीस रुपये. फुलवाले नेतात, वायरमन नेतात, आंब्याच्या पेट्या उघडणारे नेतात. पस्तीस रुपयांच्या चाकूकडून काय मागायचं आणि काय नाही, हे मला वडिलांनी शिकवलं आणि मी अख्ख्या पेठेला शिकवलं. चकाकी मागायची नाही, ती पहिल्या लिंबाला जाते. गंजणार नाही असंही मागायचं नाही. पुसून ठेवला नाहीत तर गंजेल, तो काय सोन्याचा आहे? धार जन्मभर मागायची नाही, दगड कशाला असतो मग. मूठ खडबडीत लागली तर पॉलिश पेपर फिरवा. पण एक गोष्ट पस्तीस रुपयांतही मिळायलाच पाहिजे आणि पस्तीसशेतही तीच. चाकू उघडला की उघडा राहिला पाहिजे. धरणाऱ्याच्या बोटावर मिटता कामा नये. "बाकीचं गिऱ्हाईक आणि त्याचं नशीब," वडील म्हणायचे, "बोट मात्र आपल्या नावावर."

चाकूच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते. पातं उघडलं की ती खाचेत बसते आणि पात्याला धरून ठेवते. नीट बसली की आवाज येतो टक्. कोरडा आणि एकच. अर्धवट बसली की येतो चिक्, बारीक, आणि त्याच्या मागं हवा सुटल्यासारखं काहीतरी. हाताला दोन्ही सारखे लागतात. डोळ्यालाही काही दिसत नाही. ते फक्त कानाला कळतं. म्हणून आमच्याकडे प्रत्येक चाकू आधी टोकाला धरून हलवून बघायचा, मिटून उजेडात धरायचा, टोक बाहेर डोकावतंय का ते बघायचं, आणि मग कानाजवळ नेऊन उघडायचा. पास झाला की खिळ्याशेजारी त्रिकोणी कानशीची एक रेघ मारायची. केसाएवढी. गिऱ्हाइकाला दिसतही नाही. पण ती रेघ म्हणजे आमचं दुकान. ती रेघ मारायचा अधिकार वडिलांनंतर फक्त मला.

आता महिपतीचं काम. तो हिंजवडीला जातो. कंपनीची बस त्याला सकाळी न्यायला येते आणि संध्याकाळी आणून सोडते, बसमध्ये एसी. पहिल्या पगाराला मी त्याला विचारलं, "नक्की करतोस काय तू तिथं?"

"टेस्टिंग."

"म्हणजे?"

"दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढतो."

"आणि त्याचा पगार देतात?"

"देतात की."

"आपल्या आईनं हे आयुष्यभर फुकट केलं."

आईलाही हसू आलं, पण ती त्याच्याकडे बघून हसली.

इथूनच सुरू झालं. मी कशाला खोटं लिहू, मला त्याचा हेवा वाटतो. पगाराचा नाही. पगार त्याचा त्याला लखलाभ. आधी घरात काही घ्यायचं झालं की आई म्हणायची, "बद्रीला विचारा." कुकर बद्री, पंखा बद्री, लग्नातला आहेर बद्री. महिपतीला नोकरी लागल्यावर मिक्सर घ्यायचा होता. मी तीन दुकानं फिरून एक ठरवून आलो. आई म्हणाली, "छान आहे हो. पण महिपतीला विचार आणि मग घे." मिक्सर गेला. मग टीव्ही गेला, पाण्याचा फिल्टर गेला, आईच्या डोळ्यांचा डॉक्टर गेला. सुट्टीला तो घरी आला की गल्लीतले लोक पोरांचे बायोडाटा घेऊन त्याच्याकडे येतात आणि वाटेत मला विचारतात, "महिपतीसाहेब आहेत का?" तो गॅलरीत उभा राहून फोनवर इंग्रजीत बोलला की समोरच्या बायका कपडे वाळत घालायचं थांबवून ऐकतात. मी त्याच गॅलरीत बोललो की आमची शालन आतून म्हणते, "अहो, हळू. फोनवर बोलताय, हाक नाही मारत." शालन म्हणजे माझी बायको. तिला माझ्या टीव्हीचा आवाजही मोठा वाटतो. पण तीसुद्धा अलीकडे म्हणायला लागली होती, "भाऊजींना विचारून बघू या का?"

सगळं त्याच्याकडे गेलं. चाकू तेवढा माझा राहिला होता. या घरात, या गल्लीत, चाकूबद्दल महिपतीला कुणी विचारत नव्हतं. औंधला फ्लॅट घेऊन तो वेगळा राहायला गेला, तेव्हा भाजीची सुरीसुद्धा त्यानं माझ्याकडून नेली, "तूच बघून दे, दादा" असं म्हणून. मी त्या एका वाक्यावर महिनाभर खूश होतो.

गेल्या वर्षी, दोन हजार चारला, विसर्जन होऊन चारेक दिवस झाले असतील. महिपती दुकानात आला. बरोबर एक मुलगी, तनया, त्याच्याच कंपनीतली. कंपनीतले साठजण राजगडला ट्रेकला जाणार होते, आणि प्रत्येकाला एक पिशवी द्यायची होती. टॉर्च, शिट्टी, दोरी आणि घडीचा चाकू.

"दादा, साठ हवेत," महिपती म्हणाला. "स्वस्तातले, पण चांगले."

"त्याच्यासाठीच दुकान उघडलंय. महाग आणि वाईट हवे असतील तर मॉलमध्ये जा."

तनयानं पर्समधून कागद काढला. तीन पानं, इंग्रजीत, चौकटी आखलेल्या. "काका, या आमच्या क्वालिटी एक्स्पेक्टेशन्स आहेत."

महिपतीला ती महि म्हणते आणि मला काका. आमच्यात बारा वर्षांचं अंतर आहे, ते तिनं एका शब्दात तीस केलं.

"किती आहेत?" मी विचारलं.

"बावीस."

"पस्तीस रुपयांच्या चाकूकडून बावीस अपेक्षा? स्थळ बघतानासुद्धा लोक एवढ्या सांगत नाहीत."

"माझी आई तेवीस सांगते, काका," ती म्हणाली. मुलगी तशी बरी होती.

महिपतीनं कागदावर बोट ठेवलं. "यात एक आहे, दादा. प्रत्येक चाकू शंभर वेळा उघडून मिटून बघायचा."

"मी एकदाच उघडतो."

"एकदाच?"

"ज्याला कळत नाही त्यानं शंभर वेळा उघडावा."

तनया हसली. महिपतीही हसला. त्याचं हे असं मोकळं हसणं मला अजून सहन होत नाही. मी त्याच्या जागी असतो तर हसलो नसतो.

कागदाच्या तीन पानांत काय होतं ते मी त्याला वाचून दाखवायला लावलं. पातं मधोमध मिटतं का, बाजूला हलतं का, टोक आत जातं का, नखाची खाच नीट आहे का. सगळं तेच जे वडिलांनी मला एका दुपारी, पन्हं पिता पिता सांगितलं होतं. फक्त चौकटीत बसवलं होतं. मी म्हटलं, "हे तुला कुणी शिकवलं?" तो म्हणाला, "तूच की. मी इथं दुकानात मागं बसून गणितं करायचो तेव्हा तू गिऱ्हाइकांना हेच सांगायचास. मी फक्त टाईप केलं." म्हणजे माझंच घेतलं, इंग्रजीत केलं आणि मलाच तपासायला घेऊन आला.

मी सहा डझनांचा खोका काढला. त्या दोघांना स्टुलावर बसवलं आणि बहात्तर चाकू त्यांच्यासमोर तपासले. हलव, उजेडात धर, कानाजवळ ने, टक्. बाहेर हातगाड्या चाललेल्या, टेम्पो हॉर्न मारतोय, पण मला काय त्याचं. नऊ चाकू बाजूला काढले आणि नऊच्या नऊ का काढले ते सांगितलं. याचं पातं ढिलं, याचं टोक बाहेर, याचा खिळा वाकडा. उरलेल्या त्रेसष्टांवर कानशीची रेघ मारली. साठ मागितले होते, तीन वरचे दिले. मोठ्या मागणीला तीन वरचे देतो, वडिलांपासूनची पद्धत आहे.

तनया म्हणाली, "काका, तुम्ही आमच्या टीममध्ये पाहिजे होता."

मी महिपतीकडे बघितलं. मला बघायचं होतं त्याला कसं वाटतंय ते. त्याचा चेहरा असा फुलला होता की जणू कौतुक त्याचंच झालंय. माझं कौतुकही तो वाटून घेतो.

जाताना म्हणाला, "दादा, तरी ऑफिसात आम्ही शंभर वेळा करून बघूच. प्रोसेस आहे, माझ्या हातात नाही."

"करा. बोटं दुखतील फक्त."

तीन दिवसांनी त्याचा फोन आला. "दादा, सगळे पास."

"सगळे?"

"साठच्या साठ."

मी फोन ठेवला आणि मंडईतून पेढे आणले. आळीत वाटले, मंडळात वाटले. दशरथला तर दोनदा सांगितलं. हिंजवडीच्या इंजिनिअर लोकांनी दोन दिवस शंभर शंभर वेळा तपासलं आणि बद्रीनाथच्या एका टक्च्या पुढं जाता आलं नाही. घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "महिपतीनं तपासले ना, मग चांगलेच असणार."

पेढा माझ्या हातातच राहिला.

पुढच्या रविवारी महिपती घरी आला तो उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाला पट्टी बांधून. मी विचारलं, "काय केलंस?"

"ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये सापडलं."

"ड्रॉवरकडून बावीस अपेक्षा ठेवल्या नव्हत्या वाटतं."

तो हसला. आईनं त्याला वरणभात कालवून दिला. अठ्ठावीस वर्षांच्या घोड्याला. माझी बोटं दुकानात किती वेळा कापली असतील ते मी मोजलेलं नाही, पण भात मला कुणी कालवून दिला नाही. मी हळद दाबायचो आणि पुढचं गिऱ्हाईक बघायचो. मी जेवणावरून लवकर उठलो. शालननं विचारलं काय झालं, मी म्हटलं भूक नाही.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. पाटावर लाल कापड, मधोमध वडिलांचा धार लावायचा दगड, भोवती एक विळी, एक कात्री, अडकित्ता आणि घडीचा चाकू. वडिलांच्या वेळेपासून मांडणी अशीच. त्या सकाळी महिपती झेंडू आणायला मंडईत गेला होता आणि त्याची बॅग ओट्यावर होती. आई म्हणाली, "बद्री, त्याचा लॅपटॉप काढ आणि मधे ठेव. दगड जरा बाजूला घे."

"दगड मधेच असतो."

"अरे, त्याचं हत्यार ते. त्याच्यावर पोट आहे त्याचं."

"आणि या दगडावर कुणाचं होतं?"

आईनं दगड स्वतःच दोन बोटं सरकवला. मी बॅगेची चेन उघडली आणि लॅपटॉप काढला. त्याच्याबरोबर बाजूच्या कप्प्यातून काहीतरी माझ्या हाताला लागलं. लाकडी मूठ. डोळे मिटून सांगितलं असतं, आमचा चाकू. रबर लावून एका कागदात गुंडाळला होता.

कागद उघडला. तोच, चौकटींचा. एक ते त्रेसष्ट आकडे आणि त्यांच्यापुढं बरोबरच्या खुणा. एका ठिकाणी, एकेचाळीसपुढं, लाल गोल आणि इंग्रजीत फेल. मला इंग्रजी येत नाही, पण तो शब्द मी वाचू शकतो, माझ्या नववीच्या निकालावर होता. शेजारी सदुसष्ट लिहिलं होतं. सदुसष्टाव्या वेळी. खाली तारीख, त्याचा फोन आला त्याच्या आदल्या दिवसाची. कागदाच्या कोपऱ्यावर तपकिरी डाग होता. तो कसला ते मला विचारायची गरज पडली नाही.

चाकू उजेडात धरला. खिळ्याशेजारी माझी रेघ.

कानाजवळ नेऊन उघडला. टक्. परत मिटला, परत उघडला. टक्. कोरडा, एकच. मला वाटलं महिपतीचीच काहीतरी गफलत झालीय, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. मी शालनला हाक मारली. ती पुरणाचा हात पुसत आली.

"ऐक," मी म्हटलं आणि तिच्या कानाजवळ उघडला.

"चिक् वाजलं."

"नीट ऐक."

"अहो, चिकच वाजतंय. आणि मागं हवा गेल्यासारखं."

मी पूजेसाठी ठेवलेला दुसरा चाकू घेतला आणि उघडला.

"हा टक्," ती म्हणाली.

मला दोन्ही टक् होते. मी चार वेळा केलं, हात पाठीमागं नेऊन अदलाबदल करून केलं. तिनं चारही वेळा बरोबर सांगितलं. मला एकदाही फरक कळला नाही. मग मी बोटं मुठीच्या बाजूनं धरली, धारेच्या वाटेतून बाहेर, आणि त्या चाकूचं टोक वडिलांच्या दगडावर टेकवून जरासा जोर दिला. पातं मिटलं. आवाजही न करता मिटलं, का आवाज झाला आणि तो मला ऐकू आला नाही, ते मला माहीत नाही.

दुकानात मी नऊ चाकू बाजूला काढले होते ते हाताचे आणि डोळ्यांचे होते. ढिलं पातं, वाकडा खिळा. कानाचा तिथं एकच होता आणि तो मी रेघ मारून पास केला होता. आणि माझ्या कानावर माझा किती वर्षांपासून एवढा भरवसा होता, आणि त्यातली किती वर्षं तो कान होता कुठं, याचा हिशेब मला लागेना.

शालन म्हणाली, "म्हणून मी टीव्हीचं..." आणि आत गेली.

महिपती झेंडू घेऊन आला. माझ्या हातातला चाकू त्यानं बघितला आणि पिशवी खाली ठेवली.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"माझा."

"कुठून घेतलास?"

"रविवार पेठेतून."

"टाके किती?"

"दोन."

"ड्रॉवरला धार होती म्हणजे."

त्यानं ते बोट मुठीत मिटलं.

"फोनवर म्हणालास, साठच्या साठ पास."

"साठ मागितले होते, साठ पास होते. खोटं कुठं बोललो?"

"मग हा?"

"हा वरचा."

मला त्याला मारावंसं वाटलं. लहानपणी मारायचो तसं, पाठीत.

"आणि बाकीचे? गडावर दुसऱ्या कुणाच्या हातात मिटला असता तर?"

"म्हणून तर बाकीचे सगळे शंभर वेळा केले, दादा. मी आणि तनयानं. साठ पिशव्यांत गेले ते सगळे बघून गेले."

"तिला माहितीय?"

"ती चहा आणायला गेली होती. आली तेव्हा मी बोटावर रुमाल धरून होतो. ड्रॉवर म्हटलं. कागद नंतर दुसरा छापला."

"मला सांगायचं होतंस."

"त्याच्यावर तुझी रेघ होती," तो म्हणाला. "दादा, कान दाखवून घे."

"तू माझा कान तपासायला आलायस?"

"नाही. पूजेला आलोय."

हे असं आहे. त्यानं मला सगळ्यांसमोर फोन केला असता, "दादा, तुझा एक चाकू फेल," असं म्हटलं असतं, तनयासमोर हसला असता, तर मी चिडलो असतो, आठ दिवस बोललो नसतो आणि प्रकरण संपलं असतं. त्यानं ते केलं नाही. बोट शिवून घेतलं, कागद बदलला, चाकू बॅगेत लपवला आणि मी आळीत पेढे वाटत होतो ते वाटू दिले. धाकट्यानं. मिक्सर, टीव्ही, आईचा डॉक्टर, हे सगळं गेलं तरी मला वाटायचं, मोठेपणा माझ्याकडे आहे. तो पगारानं मिळत नाही, तो आधी जन्मल्यानं मिळतो. तोही त्यानं माझ्याआधी करून दाखवला. आणि मला तीन आठवडे पत्ता नाही. हेवा कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. त्याआधी होतं ते नुसतं कुरकुरणं.

मी कानस घेतली. माझ्या रेघेवर एक आडवी रेघ मारली. फुली झाली.

"काय करतोस?" महिपतीनं विचारलं.

"फेल."

मी तो चाकू माझ्याकडे ठेवून घेणार होतो, वाइसच्या लोखंडी पकडीत धरून मोडणार होतो. तो म्हणाला, "मला दे." चाकू आमच्यात कुणाच्या हातात देत नाहीत, भांडण होतं. मी तो पाटाच्या कडेला ठेवला. त्यानं उचलला, बघितला आणि लॅपटॉपशेजारी ठेवला. आई फुलं घेऊन आली आणि म्हणाली, "हा दुसरा कशाला?" आम्ही दोघंही म्हणालो, "राहू दे." पूजा झाली. दगड बाजूलाच राहिला, मी परत सरकवला नाही.

दसऱ्यानंतर मी सदाशिव पेठेत कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानाला यंत्र लावलं, बटण दाबायला दिलं, मग कागदावर एक रेघ दाखवली, उजवीकडे उतरत गेलेली. म्हणाले, "वरचे बारीक आवाज गेलेत. काय वाजवता?"

"ताशा."

"वाटलंच. या आठवड्यात तुम्ही चौथे. कापूस घालायचात?"

मी कागदाची घडी करून खिशात घातली. गेलेलं परत येत नाही, म्हणाले, उरलेलं सांभाळा.

आता दुकानात दुपारी चार ते सहा शालन बसते. मी हलवून बघतो, उजेडात धरतो आणि मग तिच्याकडे सरकवतो. ती ऐकते आणि मान हलवते. पहिल्या दिवशी तिनं दोन काढले, मला वाटलं उगाच काढले. दोन्ही दगडावर टेकवले, दोन्ही मिटले. तिच्या कानाचा मला अजून राग येतो. रेघ मीच मारतो, ती कुणाला देणार नाही. ज्या दिवशी ती नसते त्या दिवशी मी प्रत्येक चाकू शंभर वेळा उघडतो आणि मिटतो. समोरचा भांडीवाला विचारतो, "बद्रीशेठ, टाळ्या कुणाला वाजवताय?" मी सांगतो, "प्रोसेस आहे." महिपतीला यातलं काही सांगितलेलं नाही. तो इथंच वाचेल.

आणि गल्लीतल्या, पेठेतल्या ज्या कुणी गेल्या पाच वर्षांत आमच्याकडून घडीचा चाकू नेलाय, त्यांनी तो घेऊन यावा. चार ते सहा. शालन ऐकून देईल. चिक् वाजला तर बदलून मिळेल. पस्तीस रुपयांचा असला म्हणून काय झालं, बोट आमच्या नावावर आहे.

दशरथनं मला सांगितलं होतं, महिपतीचा हुद्दा लिहा, अमेरिकेला दोनदा जाऊन आला ते लिहा, आईवर किती जीव आहे ते लिहा. हुद्दा मला उच्चारता येत नाही आणि अमेरिकेत तो काय खात होता ते आई कुणालाही सांगेल. मी माझ्या भावाबद्दल मला पक्कं माहीत असलेली एक गोष्ट सांगतो. त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटावर अर्ध्या इंचाची आडवी खूण आहे. कुणी विचारलं तर तो अजून ड्रॉवर सांगतो. गेल्या आठवड्यात आईच्या मैत्रिणीला सांगत होता, मी शेजारी बसलो होतो, आणि त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ड्रॉवर नव्हता. चाकू माझा होता, रेघ माझी होती आणि कान माझा होता. हे छापून आलं की तो चिडेल. त्यानं वर्षभर जपलं ते मी दोन पानांत सगळ्या गल्लीला सांगून टाकलं. चिडू दे. त्याला एकट्यालाच मोठं होऊ द्यायचं मी कबूल केलेलं नाही. घरात थोरला मी आहे.